निळा पाहुणा

शनिवारी सकाळी साडेसहाला मला कुणी उठवलं, तर मी त्या व्यक्तीशी सोमवारपर्यंत बोलत नाही. हे माझ्या फ्लॅटमेटला माहीत आहे, आईला माहीत आहे, दूधवाल्यालासुद्धा माहीत आहे. कावळ्यांना मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं.

मे महिन्यातला शनिवार. पुण्यात मे महिन्यात सकाळचे दोन तास काय ते माणसात असतात, बाकी दिवसभर भट्टी. त्या दोन तासांत मस्त ताणून द्यायची, हा माझा प्लॅन. पण खाली बागेत पाच-सहा कावळ्यांनी असा काही कल्ला मांडला होता, की उशी डोक्यावर घेऊनही उपयोग होईना. शेवटी वैतागून बाल्कनीत आले. चहा न घेता! यावरून परिस्थितीचं गांभीर्य ओळखा.

आमच्या सोसायटीची बाग म्हणजे फार काही नाही. दोन गुलमोहर, एक बहावा, कडेने मेंदीचं कुंपण, चार बाकं आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी एक वॉकिंग ट्रॅक, ज्यावर प्रत्यक्षात मुलं सायकली हाणतात. कावळे गुलमोहराभोवती घिरट्या घालत होते. म्हटलं, मांजर चढलं असेल, नाहीतर कोकिळा आली असेल. या दिवसांत कावळ्यांची घरटी असतात, आणि कोकिळेचं न् त्यांचं काय वाकडं आहे ते आपण सगळे शाळेतच शिकलोय.

पण गुलमोहराच्या शेंड्याला, त्या लालभडक फुलांच्या मधोमध, एक निळा ठिपका होता.

निळा म्हणजे खंड्याचा निळा नाही. खंड्या मला ओळखता येतो. हा निळा म्हणजे नव्या स्कूटरच्या जाहिरातीत असतो तसला आकाशी. डोकं पांढरं, मानेवर आणि पंखांवर बारीक काळे पट्टे, लांब शेपूट. चिमणीपेक्षा जरासाच मोठा. आणि बसला होता कसा? फांदीला चिकटून, अंग चोरून. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी कॅण्टीनमध्ये डबा उघडून एकटंच बसलेलं कुणीतरी असतं ना, तस्सा.

‘‘अगं, लव्हबर्ड आहे तो!’’ माझ्यामागून डोळे चोळत आलेली फ्लॅटमेट म्हणाली.

हे पहिलं चुकीचं उत्तर. तसं ते सगळ्यांचंच चुकतं, कारण आपल्याकडे दुकानदारही या पक्ष्याला सर्रास लव्हबर्ड म्हणूनच विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. गुटगुटीत, आखूड शेपटीचे. हा लांब शेपटीचा, पट्टेवाला बारक्या म्हणजे बजरीगर, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अर्थात, हे सगळं मला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. सकाळी मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. झूम करून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. कॅप्शन, ‘फायनली फ्री!’ सोबत एक हार्ट.

दहा मिनिटांत अठ्ठावीस लाइक्स. पाच कावळ्यांच्या मधोमध बसलेल्या, भेदरलेल्या पाखराच्या फोटोला! आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

---

मग तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि जे व्हायचं ते झालं. एका काकूंनी हात जोडले. एकांनी लिहिलं, ‘शुभशकुन.’ एकांनी त्यातच पार्किंगचा विषय काढला. सेक्रेटरी काकांनी नियम टाकला, ‘कृपया पाळीव पक्षी कॉमन एरियात सोडू नयेत.’ जणू तो मेंबर आहे आणि मेन्टेनन्स थकलाय.

माझ्या स्टेटसवर लंडनला असलेल्या एका कॉलेजमित्राचा रिप्लाय आला, ‘टेन्शन नको घेऊ. इथे आपले पोपट सुटले आणि आज बागाबागांत थवे आहेत.’

हे खरं आहे. लंडनच्या बागांमध्ये आपलाच तो गळ्यात कंठी असलेला हिरवा पोपट राजरोस फिरतो. तो तिथे कसा पोचला याच्या कथाही भन्नाट. कुणी म्हणतं, १९५१ च्या ‘द आफ्रिकन क्वीन’ सिनेमाच्या सेटवरून सुटला. कुणी म्हणतं, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने रस्त्यात सोडून दिला. क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या नोंदी नकाशावर मांडून या कथांची हवाच काढली. ठिकठिकाणांहून, वर्षानुवर्षं पाळलेले पोपट सुटत गेले, एवढंच काय ते खरं.

मी तो रिप्लाय फ्लॅटमेटला वाचून दाखवला. ‘‘बघ,’’ ती म्हणाली, ‘‘सुटलाय बिचारा. जरा जगू दे ना त्याला.’’ मलाही पटलं. मी चहा टाकायला आत वळले.

तेवढ्यात एका कावळ्याने झेप घेतली. निळा ठिपका फांदीवरून सुटला, भेलकांडत बी विंगच्या भिंतीपर्यंत गेला, खिडकीच्या काचेवर आपटता आपटता वाचला आणि परत त्याच गुलमोहरात, आणखी वरच्या फांदीवर जाऊन चिकटला. चोच उघडी. एवढ्या लांबूनही दिसत होतं, धाप लागली होती त्याला.

हे काही जगणं दिसत नव्हतं, राव. मी चपला घालून खाली पळाले.

---

खाली आधीच गर्दी. वॉचमनमामा शिडी घेऊन आलेले. दोन मुलं चेंडू मारून ‘त्याला खाली पाडू या’ म्हणत होती. एकाच्या हातात चक्क मच्छरदाणी. आणि मग डी विंगचे काका आले. बँकेतून रिटायर्ड. बर्म्युडा, बनियन, खांद्यावर पंचा. एरवी हे काका मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर अर्धा अर्धा तास बोलतात, म्हणून आम्ही त्यांना टाळतो. त्यांच्याकडे चार बजरीगर आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

‘‘शिडी ठेवा बाजूला,’’ काका म्हणाले. ‘‘चेंडू खाली. कुणी झाड हलवायचं नाही. घाबरून तो आणखी वर जाईल, नाहीतर सोसायटीच्या बाहेर जाईल. मग संपलं.’’

‘‘पण काका, तो आपला आपण नाही राहणार का? लंडनमध्ये तर...’’

काकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की आपण टाकीच्या विषयावर बोललो असतो तर बरं, असं मला वाटलं.

‘‘लंडनला गेलेले पोपट वेगळे, बेटा. त्यातले कित्येक रानातून पकडून नेलेले. उत्तरेकडची थंडी बघितलेले, फळं-शेंगा फोडून खाणारे. आणि किती सुटले न् त्यातले किती मेले, याचा हिशेब कुणी ठेवलाय? जे जगले तेवढे दिसतात. हा बघ. हा तीस-पस्तीस ग्रॅमचा जीव. याच्या कैक पिढ्या पिंजऱ्यात गेल्या. रानातला बजरीगर हिरवा असतो. हा निळा रंगच मुळी माणसाने पिंजऱ्यात वाढवलेला. हिरव्या झाडावर हा म्हणजे कावळ्यांसाठी लावलेला बोर्ड.’’

मग काका बोलतच सुटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं सगळं ऐकलं.

पिंजऱ्यातला पक्षी सुटला की घाबरून सरळ वर जातो. उंच फांदीवरून खाली कसं यायचं, हे त्याला जमत नाही, कारण त्याने ते कधी केलेलंच नसतं. भूक तर त्याला सतत लागते. एवढ्याशा जिवाला दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. पण त्याच्या लेखी खाणं म्हणजे वाटीतले राळे. समोर गवताला बी लागलेलं असलं तरी ते आपलं जेवण आहे, हे त्याला चटकन कळत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो घरी परत जाऊ शकत नाही.

‘‘का? इथलाच तर असेल ना?’’

‘‘अगं, आपलं घर बाहेरून कसं दिसतं, हे त्याने कधी बघितलंय?’’

या वाक्यावर मी गप्पच झाले. आमच्यात सगळ्यात लांब, मेंदीच्या कुंपणापाशी, बी विंगमधला तिसरीतला एक पोरगा उभा होता. तोही गप्प होता. एरवी हा पोरगा गप्प बसत नाही. पण तेव्हा काही ते माझ्या डोक्यात आलं नाही.

---

काकांचा उपाय साधा होता. बजरीगर थव्याने राहणारा पक्षी. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात पाणी न् गवताचं बी शोधत यांचे मोठाले थवे भटकतात. एकटं राहणं त्याच्या रक्तातच नाही. म्हणजे त्याला खाली आणायचं तर आमिष एकच, दुसऱ्या बजरीगरांचा आवाज.

काकांनी स्वतःच्या दोन पक्ष्यांचा पिंजरा आणून बाकावर, सावलीत ठेवला. त्याच्या शेजारी एक रिकामा पिंजरा, दार उघडं करून बांधलेलं. आत वाटीत राळे आणि बाजरी, उथळ ताटलीत पाणी. आणि आम्हाला ऑर्डर, सगळ्यांनी वीस पावलं मागे, आणि बोलायचं नाही. पुण्यातल्या सोसायटीत! मोबाइल खिशात. कावळे आले तर फक्त टाळी वाजवायची, तीही लांबून.

खालच्या दोघांनी किलबिल सुरू केली. वरचा निळा ताठ झाला, मान वाकडी करून ऐकू लागला. एकदा ओरडला. खालून उत्तर आलं. पुन्हा ओरडला. म्हटलं, झालं काम.

कसलं काय! अकरा वाजले तरी तो जागचा हलेना. ऊन तापलं तसं काकांनी स्वतःचे पक्षी घरात नेले. पारा चाळिशीकडे निघालेला, त्यांना का शिक्षा? मी ट्रॅकवर पाण्याची ताटली ठेवून वर आले. आल्या आल्या ते स्टेटस डिलीट केलं. तोवर लाइक्स एक्काहत्तर झाले होते. दुपारभर लॅपटॉप उघडून मी काम करण्याचं नाटक केलं आणि दर दहा मिनिटांनी बाल्कनीत जाऊन निळा ठिपका आहे का ते बघितलं. तिसरीतला पोरगा भर उन्हात खालीच बसून होता. टोपी घालून.

साडेचारला काका पुन्हा पिंजरा घेऊन आले. साडेपाचला कावळे परतले. पण आता निळ्याच्या अंगात सकाळची ताकद नव्हती. कावळा जवळ आला तसा तो खालच्या फांदीवर आला. मग दिव्याच्या वायरवर. मग मेंदीच्या कुंपणावर. प्रत्येक वेळी खालचे दोघं ओरडत होते आणि तो उत्तर देत होता, जरा खोल आवाजात. सव्वासहाच्या सुमारास तो फडफडत येऊन थेट पिंजऱ्याच्या टपावर बसला. आम्ही वीस जणं, श्वास रोखून!

आणि तो आत जाईना.

उघड्या दारापासून चार बोटांवर तो बसला होता. आत राळे दिसत होते. पण दारातून आत शिरायचं असतं, हे त्याला उमगेना. टपावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. उजेड कमी होत चाललेला. काकांनी हळूच खांद्यावरचा पंचा काढला, पण त्यांचाही हात थरथरत होता. एकच चान्स होता, आणि तो हुकला तर रात्र.

तेव्हा तो पोरगा कुंपणापासून निघाला. कुणी थांबवायच्या आत पिंजऱ्यापाशी गेला आणि त्याने आपलं बोट आडवं पुढे धरलं.

‘‘डोरेमॉन,’’ तो म्हणाला. ‘‘ये.’’

आणि डोरेमॉन आला. टुणकन बोटावर. जणू दिवसभर तो याच बोटाची वाट बघत होता.

---

काकांनी वरून हलकेच हात धरला आणि बोटासकट पक्षी पिंजऱ्यात नेला. दार लागलं. टाळ्या वाजल्या. वॉचमनमामांनी शिट्टी मारली. पोरगा मात्र हमसून रडायला लागला.

‘‘मीच सोडलं,’’ तो म्हणाला. ‘‘पिकाचू कुठंय?’’

दोघं होते. निळा डोरेमॉन आणि पिवळा पिकाचू.

हळूहळू सगळं बाहेर आलं. समर कॅम्पमध्ये ताईंनी सांगितलं होतं, की पक्ष्यांना पिंजऱ्यात ठेवणं वाईट, त्यांना आकाश हवं असतं. पोराच्या ते मनाला लागलं. दोन रात्री झोप नाही. शनिवारी आई-बाबा उठायच्या आत त्याने पिंजरा बाल्कनीत नेला, दार उघडलं आणि वाट बघत बसला. नंतर रिकाम्या पिंजऱ्यावर नेहमीचं फडकं घालून ठेवलं, म्हणून घरी दिवसभर कुणाला पत्ता नव्हता.

‘‘ते जातच नव्हते, ताई,’’ तो मला म्हणाला. ‘‘खूप वेळ आतच बसले. मग मी पिंजरा हलवला.’’

त्याची आई धावत खाली आली आणि ओरडणार, एवढ्यात काकांनी हातानेच तिला थांबवलं. ‘‘नंतर,’’ ते म्हणाले. ‘‘अजून वीस मिनिटं उजेड आहे.’’

मग आम्ही सगळे पिकाचूला शोधायला लागलो. आणि तेव्हा माझं लक्ष बहाव्याकडे गेलं. मे महिन्यातला बहावा कसा असतो, तुम्हाला सांगायला नको. पान दिसत नाही, नुसते पिवळे झुंबर लटकलेले. रोज ऑफिसला जाताना मी त्याचा फोटो काढायचे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला तो बहावा नकोसा झाला. प्रत्येक घोस पक्षी वाटायचा. वारा आला की शंभर पिकाचू हलायचे. काका डोरेमॉनचा पिंजरा घेऊन झाडाखाली उभे राहिले. डोरेमॉन ओरडत होता, थांबत होता, पुन्हा ओरडत होता.

वरून उत्तर आलं नाही.

अंधार पडेपर्यंत थांबलो. रविवारी पहाटे पुन्हा पिंजरा लावला, संध्याकाळी पुन्हा. आजूबाजूच्या चार सोसायट्यांच्या गेटवर चिठ्ठ्या लावल्या, ग्रुपवर मेसेज फिरवले. पिकाचू सापडला नाही.

---

सोमवारी ऑफिसातून आले, तर पोरगा लिफ्टपाशी उभा. माझीच वाट बघत असावा.

‘‘ताई, मी वाईट केलं का?’’

मोठ्या माणसाने अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते मला येत नाही. मी पायरीवर बसले आणि मोबाइलमधला तो डिलीट केलेल्या स्टेटसचा फोटो त्याला दाखवला. त्यावर काय लिहिलं होतं तेही सांगितलं. ‘‘मी तर तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे,’’ म्हटलं. ‘‘मलाही तेच वाटलं होतं.’’

मग मी त्याला आमच्या आजीच्या विठूची गोष्ट सांगितली. आजीच्या घरी पडवीत पोपटाचा पिंजरा होता. साफसफाईला दार उघडलं की विठू बाहेर यायचा, अंगणात एक फेरी मारायचा आणि आपण होऊन परत आत जायचा. लहानपणी मला वाटायचं, बघा किती प्रेम आहे त्याचं आमच्यावर! पुष्कळ वर्षांनी कळलं, की त्याचे पंख कातरलेले होते. तो विठू आपल्या रानातला होता. त्याला घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, पण आजीला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याची जागा खरंच बाहेर होती.

‘‘म्हणजे कॅम्पच्या ताईंचं बरोबर होतं?’’

‘‘विठूपुरतं बरोबर. डोरेमॉनसाठी बाहेर काहीच नव्हतं रे. त्याचं रान समुद्रापलीकडे, आणि तेही त्याने कधी बघितलेलं नाही. १८४० मध्ये जॉन गोल्ड नावाच्या इंग्रज माणसाने ऑस्ट्रेलियातून जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. तेव्हापासून माणसं यांना पिंजऱ्यात वाढवतायत. चूक झाली असेल तर ती तिथून सुरू होते. तू फक्त दार उघडलंस. पुढचं कुणीच तुला सांगितलं नाही.’’

त्याने बराच वेळ विचार केला. मग विचारलं, ‘‘आता डोरेमॉनला एकटं वाटत असेल?’’

याचं उत्तर मात्र मला माहीत होतं. दोन दिवस काकांकडूनच शिकले होते.

---

आता थोडं कामाचं. कारण असा निळा, पिवळा, पांढरा पाहुणा उद्या तुमच्याही बाल्कनीत येऊ शकतो.

आधी बघा कोण आहे. बजरीगर, खरा लव्हबर्ड किंवा डोक्यावर तुरा असलेला कॉकटील असेल, तर तो शंभर टक्के कुणाच्या तरी घरून आलाय. माणसाला बघून लांब पळत नसेल, खिडकीपाशी घुटमळत असेल, तर नक्कीच. पाठलाग करू नका, पाणी मारू नका. उघडा पिंजरा, ओळखीचं खाणं, पाणी आणि जमलं तर त्याच्याच जातीच्या पक्ष्यांचा आवाज. मोबाइलवर लावला तरी उपयोग होतो. आणि मुख्य म्हणजे वाट बघा. सकाळी लवकर आणि दिवेलागणीच्या आधी तो भुकेने खाली यायची शक्यता जास्त.

सापडला तर मेसेज टाका, पण सगळं वर्णन देऊ नका. पायातल्या रिंगचा रंग, चोचीवरच्या नाकपुड्यांचा रंग, असं एखादं लक्षण स्वतःकडे ठेवा आणि ‘माझाच आहे’ म्हणणाऱ्याला ते विचारा. बजरीगरमध्ये मोठ्या नराच्या नाकपुड्यांवरचा भाग निळा असतो, मादीचा तपकिरी. आणि घरी आधीचे पक्षी असतील, तर नव्याला महिनाभर तरी वेगळ्या खोलीत ठेवा. आजार कुठून काय घेऊन आला असेल, सांगता येत नाही.

आपल्याकडचा हिरवा पोपट जखमी सापडला, तर तो घरी ठेवायचा नाही. वनविभागाचा १९२६ नंबर फिरवा. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे मालकाने त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी केलेली असायला हवी. बजरीगर आणि कॉकटीलला ती सक्ती नाही. म्हणूनच तर ते वाढदिवसाच्या गिफ्टसारखे विकले जातात. घेण्याआधी दोनदा विचार करा, एवढंच. दार उघडणं सोपं असतं. आधी पिंजरा घरी आणतानाच थांबणं आपल्याला जमत नाही.

---

जून उजाडला. शाळा सुरू झाली, पाऊस आला, बहावा झडून हिरवा झाला. त्या पोराने स्वतःच्या डोक्याने एक निर्णय घेतला. आईने दुसरा पक्षी आणायची तयारी दाखवली होती. तो नाही म्हणाला. डोरेमॉनला त्याने काकांकडे दिलं. काकांकडचा पिंजरा म्हणजे जवळजवळ अख्खी बाल्कनी आहे, आत उडता येतं, आणि चौघांची सोबत. महिना पुरा व्हायचाय म्हणून डोरेमॉन सध्या आतल्या खोलीत आहे. पण भिंतीच्या अलीकडून तो आणि पलीकडून चौघं, अशा गप्पा दिवसभर चालतात म्हणे. पोरगा रोज संध्याकाळी पाचला डी विंगमध्ये जातो, बोट पुढे करतो, अर्धा तास बसतो आणि परत येतो. घरातला रिकामा पिंजरा त्याने आईला भंगारात द्यायला लावला.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये काका पुन्हा टाकीवर बोलले. पंचवीस मिनिटं. मी पूर्ण ऐकलं.

आणि शनिवारी सकाळी कावळे ओरडले की मी अजूनही उठते. चिडत नाही हल्ली. बाल्कनीत येते आणि आधी बहाव्याकडे बघते. आता तो नुसता हिरवा आहे, त्यामुळे त्यात पिवळं काही असलं तर लगेच दिसेल.

तुमच्याकडे कुठे दिसलं, तर आधी राळे ठेवा. फोटो नंतर.